भाड्याचे घर आणि गच्चीवरची डिश

नव्या गावी भाड्याचे घर ताब्यात घेताना घरमालक आणि भाडेकरू मिळून जी यादी तपासतात, ती बहुतेक ठिकाणी सारखीच असते. नळ, गीझर, पंखे, ट्यूबलाइट, कपाटांच्या किल्ल्या, विजेच्या मीटरवरील आकडा, ओट्यावरची चिमणी. सारे पाहून झाले की दोघेही यादीखाली सह्या करतात आणि अनामत रकमेचा धनादेश मालकाच्या हाती पडतो. बाल्कनीचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे दोन प्रश्न त्या यादीत नसतात. ते उपस्थित होतात तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, डिश बसविणारा कारागीर दारात येऊन उभा राहिल्यावर.

पुण्याहून अथवा नागपूरहून बदली होऊन गुरुग्रामला आलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पती-पत्नी, शाळकरी मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. चार मजली इमारतीतील दुसरा मजला भाड्याने घेतला आहे. बाल्कनी प्रशस्त आहे, पण उत्तरेकडे. कारागीर हातातील कंपास पाहून सांगतो, की येथे सिग्नल मिळणार नाही, डिश गच्चीवरच लावावी लागेल. गच्चीला कुलूप आहे. सर्वांत वरच्या मजल्याचे मालक म्हणतात, की गच्चीचे हक्क त्यांनी पैसे मोजून विकत घेतलेले आहेत. घरमालक दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतात, ते दूरध्वनीवर म्हणतात, "केबल आहे ना घरात, तीच पाहा." त्या केबलवर शंभर-दोनशे वाहिन्या असतीलही, पण मराठी एकही नाही. मुलगा आणि त्याचे आईवडील दिवसभर बाहेर असतात. ज्या व्यक्तीला त्या पेटीची खरी गरज आहे, ती आई मात्र समोर चाललेल्या अनोळखी भाषेतील संवादांकडे नुसती पाहत बसते.

हा प्रसंग लहान आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार कोणी आधी करीत नाही. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, सैन्यदल, माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग यांतील बदलीच्या नोकऱ्यांमुळे हजारो मराठी कुटुंबे महाराष्ट्राबाहेर भाड्याच्या घरांत राहतात. नळाला पाणी आले नाही तर जबाबदारी कोणाची, हे त्यांना ठाऊक असते. पडद्यावर चित्र आले नाही तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर मात्र ना करारात असते, ना मालकाकडे, ना भाडेकरूकडे. हे उत्तर निश्चित करता येते आणि ते सही करण्यापूर्वीच निश्चित केले पाहिजे, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

बदलत गेलेली वाट

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी प्रक्षेपण जमिनीवरील मनोऱ्यावरून होत असे. चाळीच्या कौलांवर अथवा इमारतीच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना उभा राही आणि तो कोणाचा, हे सर्वांना माहीत असे. ज्याचा संच, त्याचा अँटेना. वाऱ्याने तो फिरला, त्यावर कावळा बसला किंवा पतंगाचा मांजा अडकला, तर संचाचा मालकच वर चढून तो सरळ करीत असे. खालून घरातील कोणीतरी "आलं, आलं... गेलं!" असे ओरडत असे. गच्ची सर्वांचीच होती. त्यामुळे वर जाण्यास कोणाची परवानगी लागत नसे.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग केबलचालक आले. १९९५ मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला. आता डिश केबलचालकाच्या गच्चीवर गेली आणि भाडेकरूच्या घरात केवळ एक काळी तार आली. जबाबदारीही त्या तारेबरोबर केबलचालकाकडे सरकली. पुढे २००३ मध्ये थेट घरात उपग्रहावरून प्रक्षेपण, म्हणजे डीटीएच, सुरू झाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली आपली सेवा आणली. आज ती 'डीडी फ्री डिश' या नावाने चालते आणि दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. डीटीएचमुळे डिश पुन्हा प्रत्येक घरापाशी आली. तोवर इमारती मात्र बदलल्या होत्या. गच्चीला कुलूप लागले होते, दर्शनी भिंतीला काच लागली होती आणि घराचा मालक त्या शहरात राहत नव्हता.

२०१९ पासून लागू झालेल्या नव्या दररचनेत ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे भरता येतात. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु स्थानिक केबलचालकाच्या यादीत जी वाहिनी मुळातच नाही, ती निवडणार कशी? हरियाणातील केबलवर हिंदी, पंजाबी, हरियाणवी कार्यक्रमांना अग्रक्रम मिळावा, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच परप्रांतीय कुटुंबाला डिशची गरज त्या गावच्या रहिवाशापेक्षा अधिक असते.

दक्षिणेचे आकाश

डिश कोठे लावायची, हे मालकाच्या किंवा भाडेकरूच्या मर्जीवर अवलंबून नाही. ते भूगोलावर अवलंबून आहे. प्रक्षेपणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरत असतात. त्यामुळे ते आकाशात एका जागी स्थिर असल्यासारखे भासतात. गुरुग्राम विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारणपणे साडेअठ्ठावीस अंशांवर आहे. तेथून पाहता हे उपग्रह दक्षिणेच्या बाजूस दिसणार. देशातील एका मोठ्या खासगी सेवेचे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत; गुरुग्रामच्या घरातून ती दिशा जवळजवळ दक्षिण, किंचित पूर्वेकडे कललेली, आणि क्षितिजापासून सुमारे ५५ अंश उंच अशी येते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशांवर आहे. त्यासाठी डिश आग्नेयेकडे वळवावी लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ उत्तरेस उघडणाऱ्या बाल्कनीत जगातील कोणताही कारागीर चित्र आणू शकत नाही. आणि दक्षिणेची बाल्कनी असली तरी समोरची इमारत आड येऊ शकते. ढोबळ हिशेब असा, की समोरची इमारत दहा मीटरवर असेल आणि डिशच्या पातळीपेक्षा पंधरा मीटर उंच असेल, तर सिग्नलची वाट अडू लागते. उंच मनोऱ्यांच्या वसाहतींत खालच्या मजल्यांवर हा अनुभव येतो. बाल्कनीसमोरचा कडुनिंब वाढत वाढत वर आला, तरी हेच घडते. अशा वेळी गच्ची हाच एक मार्ग उरतो.

त्याशिवाय उत्तर भारतातील ऋतूंचा विचार करावा लागतो. मे-जूनमधील धुळीच्या आंधीत डिश एक-दोन अंशांनी जरी हलली, तरी चित्र जाते. पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरते, गच्चीवरची माकडे तारांशी खेळतात. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र तुटणे हा या लहरींचा स्वभावच आहे. त्यात ना मालकाचा दोष, ना भाडेकरूचा. मात्र आंधीनंतर डिश सरळ करण्यासाठी गच्चीवर जाणे भागच असते. गच्चीची परवानगी एकदा मिळून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा लागते.

गुरुग्राममधील तीन प्रकारची घरे

२०१६ पर्यंत गुडगाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात भाड्याची घरे सर्वसाधारणपणे तीन प्रकारची आढळतात. जुन्या सेक्टरांतील स्वतंत्र कोठ्या हा पहिला प्रकार. तेथे मालक बहुधा त्याच इमारतीत राहतो, गच्ची त्याचीच असते आणि प्रश्न समोरासमोर बोलून सुटतो.

दुसरा प्रकार 'बिल्डर फ्लोअर'चा. एकाच भूखंडावर तीन-चार मजले बांधून प्रत्येक मजला वेगळ्या मालकाला विकलेला असतो. गच्चीचे हक्क अनेकदा वरच्या मजल्याच्या खरेदीखतात जोडलेले असतात. येथे घरमालकाची इच्छा असूनही तो गच्ची देऊ शकत नाही. जी गोष्ट आपल्या ताब्यात नाही ती देण्याचे वचन त्याने देऊ नये, आणि भाडेकरूनेही ते गृहीत धरू नये. खरेदीखतात खालच्या मजल्यांना पाण्याच्या टाकीपर्यंत जाण्याची मुभा ठेवलेली आहे का, हे मालकाने पाहावे. तशी मुभा असल्यास डिशची बोलणी सोपी होतात.

तिसरा प्रकार म्हणजे उंच मनोऱ्यांच्या बंदिस्त वसाहती. दर्शनी भिंतीवर काहीही लावू नये, असा तेथील संस्थेचा नियम बहुधा असतो. काही वसाहतींत गच्चीवर सामाईक डिश बसवून तिची तार प्रत्येक सदनिकेत खेळविलेली असते. ही व्यवस्था उत्तम, कारण एका डिशमध्ये अनेकांची सोय होते. पण त्या सामाईक डिशवर कोणती सेवा मिळते आणि त्या सेवेत कोणत्या मराठी वाहिन्या आहेत, हे घर पाहतानाच विचारून घ्यावे. हरियाणाच्या १९८३ च्या सदनिका मालकी कायद्यात गच्ची, जिने, मुख्य भिंती यांचा समावेश सामाईक जागांत होतो. सामाईक जागेत हिस्सा असतो तो मालकाचा. भाडेकरू तिचा उपयोग मालकामार्फत करतो. म्हणून संस्थेच्या कार्यालयात अर्ज करण्याचे काम मालकाचे आहे. प्रत्यक्षात होते असे, की भाडेकरू कार्यालयात जातो, कार्यालय म्हणते मालकाचे पत्र आणा आणि मालक म्हणतो कार्यालयाला विचारा. या येरझाऱ्यांत दोन महिने सहज जातात.

कायदा काय म्हणतो

दूरचित्रवाणीच्या डिशबद्दल थेट बोलणारे कलम आपल्या जुन्या कायद्यांत सापडणार नाही. तथापि मार्ग दाखविणारी तत्त्वे त्यांत आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर भाडेकरूला घराचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे. मालकाच्या संमतीशिवाय त्याने कायमचे बांधकाम करू नये. स्वतः बसविलेली वस्तू घराचा ताबा असेपर्यंत तो काढून नेऊ शकतो, मात्र घर मूळ स्थितीत ठेवून. आणि रोजच्या वापराची झीज सोडता घर जसे मिळाले तसे त्याने परत करावे. ही चार सूत्रे एकत्र वाचली, तर डिशचा निम्मा निवाडा होतो. चार बोल्टांवर उभी राहिलेली आणि तासाभरात उतरविता येणारी डिश म्हणजे कायमचे बांधकाम नव्हे. पण बोल्टांची भोके बुजविण्याचे कर्तव्यही भाडेकरूचेच.

हरियाणात १९७३ चा नागरी भाडे नियंत्रण व निष्कासन कायदा आहे. भाडेकरू उपभोगत असलेल्या सुविधा मालकाने सबळ कारणाशिवाय तोडू नयेत, असे तत्त्व त्यात आहे. मात्र बांधकाम पूर्ण झाल्यापासून पहिली दहा वर्षे नवी इमारत या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, ही गोष्ट गुरुग्रामसारख्या सतत वाढणाऱ्या शहरात विसरून चालत नाही. तेथे मग करार हाच मुख्य आधार ठरतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पाणी, वीज, जिन्यातील दिवे, उद्वाहन, स्वच्छता या सेवा आवश्यक मानल्या. दूरचित्रवाणीचा उल्लेख त्या यादीत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्यता दिलेला आदर्श भाडेकरार कायदा या बाबतीत एक पाऊल पुढे गेला आहे. मालकाने तोडू नयेत अशा आवश्यक सेवांच्या यादीत त्याने संपर्काच्या जोडण्याही घातल्या आहेत. शिवाय दुरुस्तीची वाटणी करताना घरातील विजेचे वायरिंग मालकाकडे आणि बटणे व सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. हा नमुना आहे. ज्या राज्याचे विधिमंडळ तो स्वीकारील, तेथेच तो लागू होतो. तरीही करार लिहिताना त्यातील विवेक उसना घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. चालू असलेली सुविधा तोडू नये, असे कायदा म्हणतो. नवी सुविधा उभारून द्यावी, असे म्हणत नाही. घर ताब्यात घेताना डिशची जोडणी चालू असेल, तर भाडेकरूची बाजू बळकट असते. ती नसेल, तर त्याच्या हाती केवळ विनंती उरते. म्हणूनच हा विषय सही करण्यापूर्वी निघाला पाहिजे.

परदेशांतील न्याय

अन्य देशांनी हा प्रश्न अधिक गांभीर्याने हाताळला आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने नियम केला, की एक मीटरपर्यंतच्या व्यासाची डिश लावण्यास अवास्तव अडथळा आणता येणार नाही. १९९९ पासून हे संरक्षण भाडेकरूंनाही मिळाले. मात्र बाल्कनीसारख्या, केवळ त्यांच्याच वापरात असलेल्या जागेपुरते. सामाईक गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर त्यांना तसा हक्क नाही आणि सुरक्षिततेसाठी घातलेली बंधने वैध ठरतात.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९४ मध्ये एका तुर्की भाडेकरूच्या प्रकरणात सांगितले, की घरात केबल असली तरी मायदेशीच्या वाहिन्या पाहण्याची त्याची गरज तराजूत घातलीच पाहिजे. स्वीडनमधील प्रकरण याहून बोलके आहे. स्टॉकहोमजवळील रिंकेबी येथे इराकमधून आलेले, तीन मुलांचे एक कुटुंब भाड्याने राहत होते. घराबाहेर अँटेना लावू नये, अशी अट करारात होती. डिश उतरविण्यास नकार दिल्याने त्यांना घर सोडावे लागले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १६ डिसेंबर २००८ रोजी निर्णय दिला, की यात त्यांच्या माहिती मिळविण्याच्या स्वातंत्र्याचा भंग झाला. आपल्या भाषेतील बातम्यांइतकेच सांस्कृतिक कार्यक्रम आणि निव्वळ मनोरंजनही त्या स्वातंत्र्यात येते, हे न्यायालयाने मान्य केले. डिशमुळे खरोखरच कोणाला धोका होता का, हेही पाहिले गेले आणि तसा धोका आढळला नव्हता.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगून माहिती मिळविण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला आहे. तो हक्क शासनाच्या विरोधात मागता येतो. खासगी घरमालकाला तो थेट बांधत नाही. गुरुग्राममधील मराठी कुटुंब परदेशीही नाही. पण आपल्याच देशात बदलीमुळे गेलेल्या वृद्ध आईची आपल्या भाषेची भूक रिंकेबीतील कुटुंबापेक्षा कमी मानण्याचे कारण दिसत नाही.

मालकाचीही बाजू

घरमालकाचे आक्षेप केवळ हटवादाचे असतात, असे समजणे अन्यायाचे होईल. गच्चीवर जलरोधक थर घालण्यास मोठा खर्च येतो. त्यात ड्रिलने भोक पाडले, की पहिल्याच पावसात खालच्या छताला ओल येते आणि दुरुस्ती डिशच्या किमतीच्या कितीतरी पट पडते. नीट न आवळलेली डिश आंधीत सुटून खाली कोसळली, तर जबाबदार कोण? भाडेकरू बदलत जातात, पण त्यांच्या डिश तशाच राहतात. अनेक गच्च्यांवर चार-पाच गंजलेल्या तबकड्या आणि तारांची जाळी दिसते. त्यांचे धनी कधीच दुसऱ्या शहरी गेलेले असतात. काही भाडेकरू जाताना तार ओढून काढतात आणि खिडकीच्या चौकटीचा कोपरा फोडून जातात. असा अनुभव दोनदा आलेला मालक तिसऱ्या भाडेकरूला नकार देणार, यात नवल नाही.

या आक्षेपांना तांत्रिक उत्तरे आहेत आणि ती स्वस्तही आहेत. गच्चीला भोक न पाडता सिमेंटच्या वजनदार ठोकळ्यावर डिश उभी करता येते. बाल्कनीच्या कठड्याला पट्टीने आवळून बसविता येते. एसीच्या नळीसाठी भिंतीत आधीच भोक असते. तार त्यातून आत घेता येते. तार आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात न येता बाहेरच ठिबकते. कारागीर घाईत असतो. या गोष्टी त्याच्याकडून करून घेणे भाडेकरूचे काम आहे.

जबाबदारीची वाटणी

या सर्वांचा विचार करता एक साधी वाटणी सुचते. वाट मालकाने द्यावी, साधन भाडेकरूने आणावे. गच्ची, भिंत, तारेची नळी, संस्थेची परवानगी आणि भिंतीच्या आतील तार हे सारे वाटेत मोडते. ते मालकाच्या किंवा त्याच्या संस्थेच्या ताब्यात असते आणि भाडेकरू गेल्यावरही तेथेच राहते. डिश, सेट टॉप बॉक्स, बाहेरची तार, मासिक शुल्क आणि दुरुस्ती हे साधनात मोडते. त्याचा लाभ भाडेकरू घेतो आणि जाताना ते घेऊनही जातो. मालकाने स्वतःची डिश भाड्यासह दिली असेल, तर ती पंख्या-गीझरसारखीच घराची वस्तू होय. तिची मोठी दुरुस्ती मालकाने करावी आणि तिची नोंद ताब्याच्या यादीत व्हावी.

जेथे वाट देणे मालकाच्या हातात नाही, तेथे त्याने तसे स्पष्ट सांगावे. तेवढ्या प्रामाणिकपणाने भाडेकरूला दुसरे घर पाहण्याची किंवा वेगळा पर्याय शोधण्याची संधी मिळते. घर रिकामे राहू नये म्हणून "बघू नंतर" असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही.

बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात, कारण एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने आवश्यक ठरते. छापील मजकूर वर्षानुवर्षे तोच चालतो. त्यात कुत्रा पाळण्याबद्दल अट असते, भिंतीत खिळे ठोकण्याबद्दल अट असते, डिशबद्दल मात्र शब्द नसतो. बँका आपल्या अधिकाऱ्यांसाठी घरे भाडेपट्ट्याने घेतात, तेव्हा करार बँक आणि मालक यांच्यात होतो व राहणारा तिसराच असतो. तेथे तर ही उणीव अधिकच जाणवते. घर सोडताना भिंतीचा वाद निघाला, की तो कार्यालयाच्या फाइलीत जाऊन बसतो.

पुढील आशयाची चार-पाच वाक्ये करारात घातल्यास पुरे होईल. भाडेकरू स्वखर्चाने एक डिश अमुक जागी, भोक न पाडता अथवा मालकाने दाखविलेल्या ठिकाणीच भोक पाडून, बसवू शकेल. संस्थेची परवानगी मालक ताबा देण्यापूर्वी मिळवून देईल. दुरुस्तीसाठी भाडेकरूला दिवसाउजेडी, आधी कळवून, गच्चीवर जाता येईल. डिशमुळे झालेल्या हानीची भरपाई भाडेकरू करील. घर सोडताना तो डिश व तार काढून नेईल आणि भोके बुजवून देईल. तसे न केल्यास प्रत्यक्ष झालेला खर्च पावतीसह अनामत रकमेतून वळता होईल. डिश बसविण्यापूर्वीचे आणि काढल्यानंतरचे छायाचित्र दोघांनीही जपून ठेवावे. वाद उभा राहिला, तर ही दोन छायाचित्रे दहा साक्षीदारांचे काम करतात.

तार बदलेल, प्रश्न राहील

आता अनेक घरांत कार्यक्रम इंटरनेटवरून पाहिले जातात. मग डिशची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु फायबरची तारही भिंतीतूनच यावी लागते. एखाद्या वसाहतीत एकाच कंपनीला प्रवेश असतो, एखादा मालक नवे भोक पाडू देत नाही आणि भाडेकरू पुन्हा त्याच येरझाऱ्यांत सापडतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीनुसार मानांकन देण्याची नियमावली केली, यावरून या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात यावे. शिवाय मोबाइल आणि पासवर्ड यांच्याशी न जमणाऱ्या वृद्धांना रिमोटचे एक बटण दाबून लागणारी वाहिनीच सोयीची वाटते. घरातील सर्व पिढ्यांचा विचार करून जोडणी ठरवावी लागते.

आरंभी पाहिलेल्या कुटुंबाचा प्रश्न न्यायालयात जाण्याच्या योग्यतेचा नव्हता आणि जाण्याची गरजही नव्हती. घर पाहताना बाल्कनीची दिशा विचारली असती, वरच्या मजल्याच्या मालकांशी घरमालकाने एकदा बोलून घेतले असते आणि त्या बोलण्याच्या दोन ओळी करारात आल्या असत्या, तर आईचे ते दोन महिने वाचले असते. यापुढे घर ताब्यात घेताना नळ आणि गीझर यांच्या खाली यादीत आणखी दोन ओळी लिहाव्यात: डिशची जागा आणि गच्चीची किल्ली. मालकाने त्यासमोर होय किंवा नाही असे स्पष्ट लिहावे, आणि मगच दोघांनी सही करावी.